एसयूव्ही, घाटाची वळणे आणि गाडीचा नाद

मूळचे आजऱ्याजवळच्या गावचे आणि सध्या कोल्हापुरात कदमवाडीला राहणारे एक तरुण गृहस्थ विचारतात: त्यांच्याकडे अकरा वर्षांची डिझेल हॅचबॅक आहे, ती चालवायला त्यांना मनापासून आवडते, परंतु घरातून एसयूव्हीचा आग्रह आहे. दुसरीकडे गाडीचा नाद असलेले मित्र सांगतात की एसयूव्हीची लाट आता ओसरली असून ज्यांना गाडी कळते ते पुन्हा सेडानकडे वळले आहेत. ही लाट खरोखर ओसरली आहे का, आणि सुमारे १५ लाख रुपयांत काय घ्यावे, असा त्यांचा दुहेरी प्रश्न आहे. वडिलांचे गुडघे दुखतात, महिन्यातून दोनदा गावी जाणे होते आणि वर्षातून दोन-तीन वेळा सगळे कुटुंब कोकणात उतरते, एवढी माहिती त्यांनी दिली आहे, आणि उत्तर देण्यासाठी तीच सर्वांत उपयोगाची आहे.

शिवाजी उद्यमनगरात गेली २७ वर्षे मी मुख्यतः सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि व्हील अलाइनमेंटचे काम करतो. त्यामुळे गाडीच्या जाहिरातीपेक्षा तिच्या पोटाखालचा भाग मी अधिक पाहिला आहे, आणि माझे उत्तर त्या बाजूने आलेले आहे हे आधीच सांगतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. विक्रीच्या आकड्यांत लाट ओसरलेली नाही. २०२४-२५ या आर्थिक वर्षात भारतात सुमारे ४३ लाख प्रवासी वाहने विकली गेली आणि त्यांतील साधारण ६५ टक्के ‘उपयोगिता वाहने’ या गटातील होती. एसयूव्ही याच गटात मोजल्या जातात. त्याच्या आदल्या वर्षी हा वाटा ६० टक्क्यांच्या आसपास होता. जगभरातही २०२३ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ४८ टक्के एसयूव्ही होत्या. तेव्हा लोकांनी एसयूव्ही घेणे सोडले आहे, हे तुमच्या मित्रांचे म्हणणे बरोबर नाही. मात्र या आकड्यांतही एक गोष्ट दडलेली आहे. उपयोगिता वाहनांच्या गटात एर्टिगा आणि इनोव्हा यांसारख्या मोठ्या कुटुंबाच्या गाड्याही मोजल्या जातात. एवढेच नव्हे, तर बलेनो ही कार म्हणून मोजली जाते आणि तिच्याच पायावर उभारलेली, थोडी उंच केलेली फ्रॉन्क्स उपयोगिता वाहन म्हणून मोजली जाते. म्हणजे त्या ६५ टक्क्यांत खऱ्या अर्थाने एसयूव्ही किती आणि उंच केलेल्या हॅचबॅक किती, हा प्रश्न उरतोच, आणि तुमच्या मित्रांची नाराजी नेमकी तिथे आहे. एसयूव्ही बाजारातून उतरलेली नाही. ज्यांना गाडी चालवण्याची आवड आहे त्यांच्या मनातून ती उतरू लागली आहे, आणि त्याला कारणे आहेत.

आपल्या भागातल्या लोकांना उंच गाडीचे अप्रूप जाहिरातींनी शिकवलेले नाही. पाटे लावलेल्या जीप, ट्रॅक्स आणि कमांडर यांतून वडापने, म्हणजे माणसे भरली की निघणाऱ्या खासगी गाडीने, प्रवास केलेली पिढी अजून आपल्यात आहे. चंदगड, राधानगरी, शाहूवाडी या तालुक्यांत जिथे एसटी दिवसातून एकदाच जायची तिथे हीच वाहने पंधरा-पंधरा माणसे, दुधाची कॅन आणि बी-बियाणे घेऊन चढ चढत असत. मजबूत चॅसी म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, त्यावर वेगळी बसवलेली बॉडी, खाली चढाला पुरणारा गिअर आणि काही गाड्यांत चारही चाकांना मिळणारी ताकद, हा त्या वाहनाचा धर्म होता. १९९१ मध्ये टाटांची सिएरा आली, १९९८ मध्ये सफारी आली आणि २००२ मध्ये महिंद्रांची स्कॉर्पिओ आली, तेव्हा त्या धर्मात थोडा आराम आणि थोडा रुबाब मिसळला, पण मूळ गाभा तोच राहिला. त्या काळात एसयूव्ही घेणारा माणूस तिची जड स्टिअरिंग, डुलणारी चाल आणि कमी ॲव्हरेज समजून-उमजून घेत असे, कारण बदल्यात त्याला चिखलातून, ओढ्यातून आणि दगडी रस्त्यातून जाण्याची खात्री मिळत असे. गाडीवेड्यांचे त्या गाड्यांवर प्रेम होते ते या प्रामाणिकपणामुळे.

पुढे काय झाले ते समजण्यासाठी कराचा नियम समजून घ्यावा लागतो. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले गेले आणि छोटी गाडी म्हणजे लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत, अशी व्याख्या ठरली. कारखानदारांनी आधी सेडानची डिकी कापून ती चार मीटरच्या आत बसवली आणि नंतर हॅचबॅक उंच करून तिला एसयूव्हीचा चेहरा दिला. २०१२ मध्ये रेनॉची डस्टर आली. ती चार मीटरहून लांब होती आणि खराब रस्त्यावर तिचे सस्पेन्शन ज्या शांतपणे काम करत असे त्याची आठवण आमच्या धंद्यातले लोक आजही काढतात. पुढच्या वर्षी फोर्डची इकोस्पोर्ट आली आणि मग चार मीटरच्या आतल्या उंच गाड्यांची रांग लागली. या बहुतेक गाड्यांना वेगळी चॅसी नसते, बॉडीच चॅसीचे काम करते. ताकद फक्त पुढच्या चाकांना मिळते. दारांच्या खाली काळे प्लास्टिक, छतावर वजन न पेलणाऱ्या पट्ट्या आणि उंच बॉनेट एवढे सोडले तर खालची रचना हॅचबॅकची असते. यात गैर काही नाही. मात्र खरेदीदाराला ती वेगळी जात आहे असे वाटते आणि त्या वाटण्याचे तो काही लाख रुपये मोजतो, हे मला खटकते.

आता उंचीचा हिशेब मांडतो, कारण या उत्तराचा गाभा तोच आहे.

खासबाग मैदानात कुस्ती पाहिलेल्या माणसाला गुरुत्वमध्य वेगळा समजावून सांगावा लागत नाही. जो पैलवान खाली राहतो आणि पाय फाकवून उभा राहतो, त्याला बाजूला ढकलणे अवघड असते. गाडीचेही तसेच आहे. डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले की जो आकडा येतो, तो गाडी आडवी होण्यास किती विरोध करेल याचा पहिला अंदाज देतो. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा प्रशासनाच्या मोजणीनुसार साध्या मोटारींसाठी हा आकडा बहुधा १.३ ते १.५ च्या दरम्यान असतो आणि एसयूव्ही, पिकअप, व्हॅन यांच्यासाठी १.० ते १.३ च्या दरम्यान. सरळ रस्त्यावर हा फरक जाणवत नाही. करूळ घाटाच्या किंवा आंबा घाटाच्या सलग वळणांवर तो प्रत्येक क्षणी जाणवतो. वळणात शिरताच आतल्या चाकांवरचे वजन बाहेरच्या चाकांवर जाते, आणि गुरुत्वमध्य जितका वर तितके हे वजन जास्त सरकते. आतल्या टायरची पकड सुटत जाते, बाहेरच्या टायरवर बोजा पडतो आणि बॉडी बाहेरच्या बाजूला झुकते. चालकाच्या हातात स्टिअरिंग असते, त्यामुळे त्याचे शरीर वळणाची तयारी आधीच करते. मागे बसलेल्या माणसाला ती संधी मिळत नाही आणि घाटात मळमळते ते बहुधा त्यालाच.

झुकणे कमी करण्यासाठी कंपनीचे अभियंते स्प्रिंग आणि अँटी-रोल बार कडक करतात. इथे दुसरी किंमत मोजावी लागते, कारण कडक स्प्रिंग खड्ड्याचा धक्का वर पाठवतात, आणि अँटी-रोल बार दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधून ठेवत असल्यामुळे एका बाजूच्या खड्ड्यात सगळी गाडी डावी-उजवीकडे हिसडली जाते. डोके दोन्ही बाजूंना झटकणारी ही हालचाल उंच गाडीत अधिक जाणवते, कारण प्रवासी स्वतःच वर बसलेला असतो. महागड्या गाड्यांत याला उपाय आहेत. १५ लाखांच्या आतल्या गाडीत अभियंत्याला झुकणे आणि धक्के यांच्यात तडजोड करावीच लागते. बुटक्या गाडीला मऊ स्प्रिंग देऊनही ती वळणात सावरता येते आणि म्हणूनच गाडीवेडे सेडानची आणि चांगल्या हॅचबॅकची बाजू घेतात. केवळ वेगाच्या हौसेपोटी ते असे म्हणतात, हा समज चुकीचा आहे.

याचे स्वच्छ उदाहरण आपल्याच बाजारात आहे. स्कोडाची कुशाक ही एसयूव्ही आणि स्लाविया ही सेडान एकाच पायावर उभ्या आहेत, आणि फोक्सवॅगनच्या टायगन व व्हर्टस यांचेही तेच नाते आहे. इंजिने तीच, १.० लिटरचे ११५ पीएसचे (पीएस म्हणजे अश्वशक्ती) आणि १.५ लिटरचे १५० पीएसचे. रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लीअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचे पोट यांतील अंतर, कंपनीने कुशाकसाठी १८८ मिलीमीटर आणि स्लावियासाठी १७९ मिलीमीटर सांगितलेला आहे. फरक ९ मिलीमीटरचा, म्हणजे करंगळीच्या जाडीइतकाही नाही. गतिरोधकावर घासण्याची भीती हे एसयूव्ही घेण्याचे कारण म्हणून मला रोज ऐकावे लागते, आणि प्रत्येक वेळी मी हे दोन आकडे सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वीच्या खालच्या सेडान ज्यांनी चालवल्या आहेत त्यांच्या मनात ती भीती बसलेली आहे. आजच्या अनेक सेडान आपल्या रस्त्यांसाठी उंच केलेल्या आहेत. मात्र लांब सेडानचे पोट मोठ्या उंचवट्यावर टेकू शकते, कारण दोन्ही आसांमधील अंतर जास्त असते. ते मी नाकारत नाही, आणि पाच माणसे व सामान भरून आपल्या गल्लीतल्या गतिरोधकावरून गाडी नेऊन पाहणे ही त्याची एकमेव खरी परीक्षा आहे.

इथे माझ्यावर बेतलेला एक प्रसंग सांगतो. २०११ च्या जुलैमध्ये मी एक उंच, चॅसीवर बांधलेली गाडी घेऊन फोंडा घाट उतरत होतो. पाऊस होता, वेग ५० च्या आत होता आणि गाडीत मी एकटाच होतो. एका वळणापलीकडे ट्रक बंद पडून उभा होता. मी गाडी उजवीकडे घेतली आणि समोरून दुचाकी येताना दिसल्यामुळे लगेच पुन्हा डावीकडे घेतली. पहिल्या वळणाला काही झाले नाही. दुसऱ्या वळणाला, पहिल्या झुकण्यातून परत येणारी बॉडी आणि नवे वळण यांचा जोर एकत्र आला, मागची चाके सुटली आणि गाडी डोंगराकडच्या गटारात जाऊन अडकली. डोंगराची बाजू मिळाली म्हणून मी हे लिहू शकतो आहे. गाडीत दोष नव्हता, माझा वेग त्या उंचीला आणि त्या ओल्या रस्त्याला साजेसा नव्हता. त्या गाडीत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल नव्हते. आज ते बहुतेक चांगल्या गाड्यांत मिळते, गाडी घसरू लागली की हव्या त्या चाकाचा ब्रेक स्वतः लावते आणि अशा दुसऱ्या वळणात माणसाला वाचवते. तुम्ही कोणतीही गाडी घ्या, पण सनरूफ सोडा आणि ही सोय नक्की घ्या.

वजनाचाही हिशेब तितकाच सरळ आहे. १००० किलोची गाडी आणि १४०० किलोची गाडी त्याच वेगावरून थांबवायची, तर दुसरीच्या ब्रेकमध्ये ४० टक्के जास्त उष्णता निर्माण होते. घाट उतरताना क्लचवरून पाय काढून खालच्या गिअरमध्ये गाडी आणणारा चालक हे सांभाळतो. ब्रेकवर पाय ठेवूनच गगनबावड्याहून वैभववाडीला पोचणाऱ्यांच्या डिस्क निळ्या पडलेल्या मी पाहतो. महामार्गावर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० वरून १०० च्या वेगावर गेल्यास तो सुमारे दीडपट होतो. समोरून रुंद आणि उंच असलेली गाडी त्या विरोधाला अधिक तोंड देते, त्यामुळे पुण्याला जाऊन येताना उंच गाडीचा पेट्रोल-डिझेलचा खर्च नेमका तिथेच वाढतो. गॅरेजमध्ये हीच गोष्ट टायर आणि सस्पेन्शनचे लोअर आर्मचे बुश व लिंक रॉड या भागांच्या बिलांत दिसते. वरच्या मॉडेलला सतरा-अठरा इंची अलॉय चाके देण्याची पद्धत आली आहे. त्यांच्या टायरची भिंत पातळ असते, खड्ड्यात ती फुगते किंवा चाक वाकते आणि बदलायचा टायर छोट्या गाडीच्या टायरपेक्षा खूपच महाग पडतो. माझ्याकडे येणाऱ्या अनेक ग्राहकांना मी मधले मॉडेल घ्यायला सांगतो, केवळ त्याचे चाक लहान आणि टायर जाड असतो म्हणून.

शहरातल्या रुंदीबद्दल थोडक्यात लिहितो. स्विफ्ट १७३५ मिलीमीटर रुंद आहे, एक्सयूव्ही ७०० ही १८९० आणि स्कॉर्पिओ-एन ही १९१७. महाद्वार रोड, गुजरी किंवा शिवाजी पेठेतली एखादी गल्ली डोळ्यांसमोर आणा, त्यात दोन्ही बाजूंना लावलेल्या दुचाकी धरा, म्हणजे त्या १८ सेंटिमीटरचा अर्थ लक्षात येईल.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र मला विस्ताराने बोलले पाहिजे, कारण घरच्यांचा आग्रह बहुधा तिथून येतो. उंच गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, हे समीकरण बरोबर नाही. अपघातात माणूस वाचतो तो केबिनच्या सांगाड्यामुळे, सीटबेल्टमुळे आणि एअरबॅगमुळे. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनला पाच तारे मिळाले, पण २०२३ मध्ये स्लाविया आणि व्हर्टस या सेडाननाही पाच तारे मिळाले आणि २०२४ च्या नोव्हेंबरात चार मीटरच्या आतल्या डिझायरलाही मिळाले. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणीही सुरू झाली आहे. तेव्हा उंची न पाहता त्या मॉडेलचा निकाल पाहावा. गाडीबाहेरच्या माणसाचाही विचार करावा लागतो. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ज्यांच्या बॉनेटची पुढची कड ४० इंचांहून उंच आहे अशी वाहने पादचाऱ्याला धडकल्यास त्याचा मृत्यू होण्याची शक्यता, ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या वाहनांच्या तुलनेत, सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. कारण साधे आहे. खालच्या गाडीची धडक पायाला बसते आणि माणूस बॉनेटवर येतो. उभ्या, उंच तोंडाच्या गाडीची धडक छातीला किंवा मुलांच्या बाबतीत डोक्याला बसते. रंकाळ्याच्या कडेने संध्याकाळी किती लहान मुले रस्ता ओलांडतात हे आपण पाहतो. उंचावरून रस्ता चांगला दिसतो हे खरे, परंतु बॉनेटच्या अगदी पुढचे मूल त्याच उंचीमुळे दिसत नाही.

पुराबद्दल लिहिले नाही तर कोल्हापूरकराचे उत्तर अपुरे राहील. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि पुणे–बेंगळुरू वाहतूक थांबली. त्यानंतर अनेकांनी ‘आता उंच गाडीच घ्यायची’ असे ठरवले. त्यांची भावना मी समजू शकतो, पण वाहते पाणी गाडीची जात पाहत नाही. साधारण एक फूट वाहते पाणी छोटी गाडी हलवू शकते आणि दोन फूट पाणी बहुतेक वाहने, त्यांत एसयूव्ही आणि पिकअपही आल्या, वाहून नेऊ शकते. उंच गाडीतला माणूस अधिक धीराने पाण्यात शिरतो आणि तीच त्याची चूक ठरते. त्या दोन्ही पुरांनंतर माझ्याकडे इंजिनात पाणी ओढून कनेक्टिंग रॉड वाकलेल्या ज्या गाड्या आल्या, त्यांत उंच गाड्या कमी नव्हत्या. हवेचा फिल्टर कुठे आहे हे माहीत नसलेल्या चालकाने कोणतीही गाडी पाण्यात घालू नये.

एवढे सगळे लिहिल्यावर एसयूव्हीच्या बाजूने जे खरे आहे तेही तितक्याच मनापासून लिहितो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली बसून गाडीत शिरणे आणि जोर लावून वर उठणे अवघड जाते. सीटची उंची कमरेच्या जवळ असेल तर तो सरळ सरकून बसतो. तुमच्या वडिलांच्या दृष्टीने हा मुद्दा बाकी सगळ्या मुद्द्यांपेक्षा मोठा असू शकतो. परंतु फार उंच, पायरीवर चढून बसावे लागते अशी गाडी त्याच गुडघ्यांना तितकाच त्रास देते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पाडलेल्या पाणंदीतून शेतापर्यंत जायचे असेल तर चॅसीवर बांधलेल्या, चारही चाकांना ताकद असलेल्या गाडीला पर्याय नाही. थार किंवा जिम्नी घेऊन सुटीच्या दिवशी रानवाटा धुंडाळणारे तरुण माझ्याकडे येतात तेव्हा मला मनापासून आनंद होतो, कारण ते वाहन ज्या कामासाठी घडवले आहे तेच काम त्याच्याकडून करून घेतात. त्यांच्या गाड्यांना खरे ओरखडे असतात. नादाचा खरा माणूस एसयूव्हीच्या विरोधात नाही. कधीच रस्ता न सोडणाऱ्या गाडीने रस्त्यावरचे गुण गमवावेत, एवढेच त्याला पटत नाही.

नाराजीमागे आणखी एक दुःख आहे आणि ते मला स्वतःला जाणवते. निवड उरलेली नाही. २०२० मध्ये कोरोला आल्टिस आणि सिव्हिक गेल्या, २०२१ मध्ये फोर्डने भारतातले उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, २०२२ मध्ये पोलो आणि एलांट्रा गेल्या, २०२३ मध्ये ऑक्टाव्हिया गेली आणि २०२५ मध्ये सियाझही बंद झाली. ज्यांच्या स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळत असे अशा गाड्या आता फक्त जुन्या बाजारात मिळतात आणि चांगल्या स्थितीतली गाडी आली की ती दोन दिवस थांबत नाही. उद्यमनगरात मोटारीचे सुटे भाग पिढ्यान्‌पिढ्या ओतले आणि तासले जातात. इथल्या माणसाला यंत्राचा स्पर्श कळतो. तो एखादी गाडी बंद झाली म्हणून हळहळतो तेव्हा त्याला जुन्याचा हट्ट म्हणू नये.

परदेशात काही ठिकाणी मोठ्या गाड्यांना आळा घालण्याचे प्रयत्न झाले आहेत. पॅरिसमध्ये फेब्रुवारी २०२४ च्या मतदानानंतर बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांचे पार्किंग शुल्क तिप्पट करण्यात आले. त्यासाठी पेट्रोल-डिझेल व हायब्रिड गाड्यांची मर्यादा १.६ टन आणि विजेवरच्या गाड्यांची २ टन ठेवली आहे. तुमच्या मित्रांनी कदाचित असेच काही वाचले असावे. आपल्याकडे वारे थोडे बदलले ते करामुळे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंतच्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकर यावरून सरळ १८ टक्क्यांवर आला, तर मोठ्या गाड्या आणि एसयूव्ही यांच्यावर उपकर वगळून ४० टक्के कर ठेवण्यात आला. आधी मोठ्या एसयूव्हीवर उपकरासह ५० टक्के पडत होते, म्हणजे स्वस्ताई दोन्हीकडे झाली. पण हॅचबॅक परवडत नाही म्हणून दुचाकीवरच राहिलेल्या कुटुंबांना त्यामुळे वाट मोकळी झाली. लक्षात घ्या की १८ टक्क्यांचा लाभ चार मीटरच्या आतल्या उंच गाडीलाही मिळतो, त्यामुळे हा नियम एसयूव्हीच्या चेहऱ्याला मागे सारील असे मला वाटत नाही.

विजेवरच्या गाडीत चित्र थोडे वेगळे आहे. बॅटरी जमिनीलगत असल्यामुळे उंच गाडीचाही गुरुत्वमध्य खाली येतो आणि ती कमी झुकते. मात्र वजन वाढते, आणि महामार्गावर हवेचा विरोध थेट एका चार्जमधले किलोमीटर खातो.

आता तुमच्याविषयी. तुमच्या गावचा रस्ता डांबरी असावा, आजऱ्याहून पुढे आंबोलीने तुम्ही कोकणात उतरत असणार आणि शेतापर्यंत गाडी नेण्याचा उल्लेख तुम्ही केलेला नाही. अशा वापरासाठी मी १७० ते १८० मिलीमीटर ग्राउंड क्लीअरन्स असलेली सेडान किंवा मोठी हॅचबॅक पहिल्या क्रमांकावर ठेवतो. एसयूव्हीच घ्यायची ठरली तर ती बुटकी, रुंद पायाची आणि लहान चाकांची घ्या, छतावर कॅरिअर लावून तिचा गुरुत्वमध्य आणखी वर नेऊ नका आणि बाहेरून आणखी मोठे टायर किंवा स्प्रिंगखाली ठोकळे बसवून घेऊ नका. शोरूममधल्या दहा मिनिटांच्या फेरीवर विश्वास ठेवू नका. गाडी किमान अर्धा दिवस मागा, सगळ्या कुटुंबाला बसवा आणि पन्हाळ्याच्या चढाने जाऊन या. जाताना तुम्ही चालवा, येताना मागच्या सीटवर बसा. बहुतेक लोक चालकाच्या जागेवरून गाडी पसंत करतात आणि आई-वडिलांना पुढची आठ-दहा वर्षे मागे बसवतात.

आणखी एक करा. नवी गाडी ठरवण्याआधी जुन्या हॅचबॅकचे चारही शॉकअप, पुढचे लोअर आर्म बुश आणि टायर एकदा तपासून घ्या. अकरा वर्षांची गाडी खड्ड्यात आदळते, घाटात तरंगते आणि म्हणून घरच्यांना ‘मोठी गाडी’ हवीशी वाटते, असे मी कितीतरी वेळा पाहिले आहे. नवी गाडी घेण्याच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे, आणि ते काम झाल्यावर वडिलांना पुन्हा त्याच गाडीतून आजऱ्याला घेऊन जा. त्यांना तेव्हाही बसता-उठता त्रास झाला, तर प्रश्न सीटच्या उंचीचा आहे हे नक्की होईल. मग टेप घेऊन शोरूममध्ये जा आणि जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंतची उंची मोजा. घरातल्या ज्या खुर्चीतून ते हात न टेकता उठतात, त्या खुर्चीइतकी ती असली म्हणजे पुरे.